नाल्यापलीकडचा नळ

अमरावती
५ जुलै १९४८

भाऊ,

तुझा पाहुणा पोचला. त्याला उतरवून घ्यायला बडनेऱ्याला मी आणि बाबा गेलो होतो. गर्दीत त्याला शोधावं लागलं नाही. गाडीतून उतरल्यापासून सगळा फलाट त्याच्याकडेच पाहत होता. त्याने टोपी काढली आणि सरळ बाबांच्या पायाशी वाकला. हे तूच शिकवून धाडलेलं दिसतं. बाबांना पाया पडून घेणं आवडत नाही, सत्यशोधकांत ते बसत नाही असं ते म्हणतात; पण त्या दिवशी त्यांनी त्याला उठवलं आणि त्याची ट्रंक स्वतः उचलली.

बाबांच्या पत्रात तू एवढंच लिहिलंस की, किसुमूच्या रेल्वे कारखान्यात हाताखाली शिकलेला हुशार मुलगा आहे, हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळून अमरावतीच्या इंजिनियरिंग शाळेत येतो आहे, घरी ठेवून घ्या. मला मात्र खरं लिहिलंस. झकायो हा वहिनींचा पाठचा भाऊ आहे हे मी कोणाला बोलले नाही आणि बोलणार नाही. तू तिथल्या मुलीशी लग्न केल्याचं कळल्यापासून बाबांनी तुझं नाव टाकलं आहे. तरी तुझं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "शिकाले येऊन राहिला त्याले नाही कसं म्हनाव?" तो तुझ्या नावाने आपल्या घरात आलेला नाही, शिक्षणाच्या नावाने आला आहे. एवढं लक्षात ठेव.

पहिल्या जेवणालाच बाबांनी विचारलं, शिकून काय करणार. त्याला मराठी येत नाही, हिंदी तू शिकवलीस तेवढी मोडकीतोडकी. तो सांगत होता, मी समजावून देत होते. त्याचं गाव म्हणे समुद्राएवढ्या तळ्याच्या काठी आहे, आणि तरी गावात प्यायला चांगलं पाणी नाही. बायका काठावरचंच उपसतात, पोरांची पोटं फुगतात. वर टेकडीवर गोऱ्यांची शेतं आहेत, तिथे नळ आहेत, घोड्यांनासुद्धा नळ. तो शिकून परत जाणार, टेकडीवरून खाली नळ आणणार. नळ आला की पोरी पाणी भरायच्या सुटतील, मग त्यांची शाळा. शाळा झाली की गोऱ्यासमोर उभं राहून बोलणारी माणसं तयार होतील. हे सगळं त्याने वरणात भाकर मोडता मोडता सांगितलं, जणू उद्याच करायचं आहे.

बाबांचं जेवण थांबलं होतं. जेवण झाल्यावर त्यांनी माळ्यावरून जलशाची पेटी काढली. किती वर्षांनी काढली, तूच आठव.

माय बरी आहे. धाकटी बेबी वाढली आहे, तू ओळखणार नाहीस. माझं शाळेत शिकवणं चालू आहे. नवऱ्याने आणून सोडल्यापासून माझं जे आहे ते आहे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

तुझी
शकुन


अमरावती
१८ नोव्हेंबर १९४८

भाऊ,

तो पत्र कमी लिहितो अशी तुझी तक्रार. वेळ नसतो त्याला. सकाळी शाळा, दुपारी कारखाना, संध्याकाळी मळ्यात. बाबांना त्याने लोखंडी पाइप कसे जोडतात, पान्हा कसा फिरवतात ते शिकवलं आणि बाबा त्याला वांग्याचं रोप कसं लावायचं ते शिकवतात. मायला 'झकायो' म्हणता येत नाही. तिने त्याला जकोबा करून टाकलं आहे आणि आता सगळा शेजार त्याला जकोबा म्हणतो. मी त्याला पुस्तकातली मराठी शिकवायला बसले, पण तो 'मला, तुला' माझ्यापुढे म्हणतो आणि चुलीपुढे जाऊन 'मले, तुले'. मायचीच भाषा त्याच्या तोंडी बसली आहे.

बाजारात पोरं 'हबशी, हबशी' करत मागे लागतात. एकदा खडा मारला. मी हे तुला लिहिणार नव्हते. त्याने कपाळाला पट्टी लावली आणि मायला सांगितलं, कारखान्यात लागलं.

आता एक गोष्ट. मोटेवरचा सहदेव तुझ्या वेळीही होता, नाल्यापलीकडच्या महारपुऱ्यातला. त्याची बायको रुख्मिणी आपल्याकडे निंदायला येते. गेल्या आठवड्यात सहदेव पाणी प्यायला ओट्याखाली आला. मायने नेहमीसारखं वरून त्याच्या ओंजळीत ओतलं. जकोबा तिथेच बसला होता, हातात पाण्याचा गिलास.

"माय," तो म्हणाला, "मले गिलासात अन् सहदेवले वरून. काहून?"

"तू पाहुना आहेस बापू."

"तो तं रोजचा आहे. रोजच्या माणसाले वरून अन् पाहुन्याले गिलासात?"

बाबा मळ्यातून येत होते, त्यांनी ऐकलं. "बरोबर बोलून राहिला पोरगा," म्हणाले, आत गेले आणि स्वतः गिलास भरून सहदेवपुढे धरला. सहदेवने हात मागे घेतले. "राहू द्या मालक. मले वरूनच बरं."

बाबा तसेच गिलास धरून उभे राहिले. शेवटी जकोबानेच तो घेतला, आणि सहदेवबरोबर नाल्यापलीकडे गेला. ती माणसं पाणी कुठलं पितात हे त्याने आजवर पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही जवळून पाहिलं नव्हतं. नाल्याच्या वाळूत खड्डा करतात, त्यात पाझरून येतं तेवढं करवंटीने घागरीत भरतात. त्याला झिरा म्हणतात. वरच्या अंगाला गावाची ढोरं बसतात.

तो परत आला तेव्हा जेवला नाही. "आमच्या गावावानीच आहे," एवढंच म्हणाला. मग माझ्याकडून कागद मागून घेतला आणि आपली विहीर, नाला आणि वस्ती अशी रेघ काढत बसला. वस्ती उताराला आहे. मोटेचं पाणी हौदात साठवलं तर ते आपोआप खाली जाईल म्हणतो, इंजिन लागणार नाही.

वहिनींना माझा नमस्कार सांग. तिची आठवण निघाली की तो गप्प होतो, म्हणून मी काढत नाही.

शकुन


अमरावती
२० फेब्रुवारी १९४९

भाऊ,

नळ झाला.

तुला खरं वाटणार नाही म्हणून आधी तेवढंच लिहिलं. एका बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या आवारात जुने लोखंडी पाइप पडले होते. ते बाबांनी मालकाकडून शब्द टाकून आणले. चर खणायला वस्तीतली सगळी माणसं आली, बायकाही. जकोबा चरात उतरून त्यांच्याबरोबर खणत होता. त्याच्या शाळेतले चार विद्यार्थी एक दिवस गंमत पाहायला आले, दुसऱ्या दिवशी आले नाहीत. पाइप नाल्यावरून नेताना दोनदा सांधा सुटला. सहदेव पाण्यात उभा राहून तो खांद्यावर धरून होता, आणि जकोबा खालून पान्हा फिरवत होता.

कोणी आडवं आलं नाही असं नाही. आपल्याच आळीतले चार जण बाबांकडे आले. महादेवराव म्हणाले, "शालिकराम, हे तुले शोभत नाही." बाबांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि तासभर सुनावलं. भटाच्या हातून लग्न लावायचं नाही म्हणून ज्या माणसाने मांडव सोडला, त्याला तुम्ही शोभण्याचं शिकवता का, वगैरे. तुला ते सगळं पाठ आहे. किती दिवसांनी बाबांचा तो आवाज ऐकला. माय आतून हसत होती.

तोटी पहिल्यांदा कोणी फिरवायची यावर बाबा म्हणाले जकोबाने, जकोबा म्हणाला बाबांनी. रुख्मिणी घागर घेऊन उभी होती, तिला कंटाळा आला. तिने तोटी फिरवली आणि घागर भरून चालायला लागली. मागे वळून म्हणाली, "तुमचं ठरू द्या. मले सैपाक करायचा आहे."

सगळे हसले. जकोबा इतका हसला की खाली बसला. मी त्याला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. परत येताना तो मला सांगत होता की गावी गेल्यावर आधी असंच करायचं, सरकारला विचारायचं नाही, माणसं जमवायची. "लोकं तयारच असतात, शकुनताई. सांगनारा पाहिजे."

ते तुला जसंच्या तसं लिहून पाठवते आहे. वहिनींना सांग.

शकुन


अमरावती
१० एप्रिल १९४९

भाऊ,

सगळी खुशाल आहेत. बेबीचं जमलं. शेंदूरजनाघाटचे उत्तमराव, त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे, त्यांचा मुलगा. मुलगा चांगला आहे. वैशाखात लग्न.

नळ सध्या बंद आहे. सांधे ढिले झाले होते. लग्नाच्या घाईत दुरुस्तीला वेळ नाही.

झकायो काही दिवस अकोल्याला जाणार आहे असं म्हणतो. तिथल्या गिरणीत कामाचा अनुभव मिळतो म्हणे. तेव्हा त्याचं पत्र आलं नाही तर काळजी करू नको.

ऊन फार आहे.

शकुन


अमरावती
२६ जून १९४९

भाऊ,

तुझी तीन पत्रं आली. तिन्हींत एकच विचारलंस, झकायो लिहीत का नाही. मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. बेबीचं लग्न पार पडेपर्यंत तुला काही कळू नये, तू रागावून बाबांना काही लिहू नये, असं मला वाटलं. आता सगळं लिहिते.

सांधे ढिले झाले नव्हते.

मार्चअखेर उत्तमराव मुलाला घेऊन आले. बेबी पसंत पडली, बोलणी झाली. जाताना ते विहिरीपाशी थांबले. वाईट माणूस नाही, भाऊ. आवाज चढवला नाही, उलट त्यांना सांगायला जड जात होतं. म्हणाले, "शालिकरामजी, हा नळ तिकडं जाते म्हनतात."

"जाते."

"मग आमच्या मानसायले लग्नात इथलं पानी पेता येनार नाही."

बाबा समजावायला लागले की पाणी वरून खाली जातं, खालचं वर येत नाही. उत्तमराव ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ते मले समजते. माझ्या भावकीले समजत नाही. अन् मले भावकीत राहाचं आहे. तुमच्या पोरीलेबी तिथंच राहाचं आहे."

मी मध्ये बोलले. म्हटलं, आता कायदा झाला आहे, पाण्याला कोणी कोणाला अडवू शकत नाही. ते माझ्याकडे वळले. "कायदा मीबी वाचला, बाई. कायदा लग्नाले येत नाही." आणि मग बाबांना हळूच म्हणाले, "एक पोरगी घरी बसली आहे तुमची. पाहा बुवा, दुसरीचं काय करता ते."

बाबांनी दोन दिवस काही खाल्लं नाही. बेबी माझ्या अंथरुणात येऊन रडत होती. "ताई, मी काय केलं?" तिला मुलगा आवडला होता. तिच्यावर कसं रागवायचं ते मला कळेना.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर बाबा हौदाशी बसले होते, हातात जकोबाचा पान्हा. पहिला सांधा त्यांनी खोलला होता आणि ते दुसरा खोलत होते. अगदी नीट, त्याने शिकवला होता तसा. जकोबा समोर उभा होता.

"तोडून नाही राहिलो मी," बाबा त्याला सांगत होते. "खोलून ठेवून राहिलो. पोरीचं लगन झालं की जोडू."

"बाबा, उन्हाया आहे. झिरा आटला आहे."

"दोन महिन्याची गोठ आहे."

"दोन महिने ते काय पेतीन?"

बाबांनी मान वर केली नाही. तेव्हा जकोबाने ते सांगितलं. माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याला खूण करून थांबवायच्या आत सांगितलं. "बाबा, मी तुमचा सोयरा आहो. भगवंतभाऊची बायको माझी बहीन आहे. मी घरचा आहो. घरचा म्हनून मांगतो. हे करू नका."

पान्हा थांबला. बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते उठतील आणि त्याला घराबाहेर काढतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मग तं तुले समजाले पाहिजे. घरचा आहेस, तं तुलेच समजाले पाहिजे."

आणि पुन्हा पान्हा फिरवायला लागले.

तो आमच्या घरी त्यानंतर जेवला नाही. ट्रंक घेऊन वस्तीत सहदेवकडे राहायला गेला. मायने भाकरी पाठवली ती परत आली. अकोल्याला जातो वगैरे मी लिहिलं ते तेव्हा सगळं माझ्या मनाचं.

वस्तीतल्या माणसांनी काय केलं विचारशील. काही केलं नाही. पुन्हा झिरा खोल केला. सहदेव मोटेवर येत राहिला. जकोबाने वस्तीत सभा घेतली, कलेक्टरकडे जाऊ म्हणाला. म्हातारी माणसं म्हणाली, साहेब, तुम्ही निघून जाल, आम्हाला याच मळ्यात काम करायचं आहे. इंजिनियरिंग शाळेत कोणीतरी कळवलं की तो लोकांना भडकवतो. प्रिन्सिपॉलनी बोलावून समज दिली. तो दोन बादल्यांची कावड करून सकाळ-संध्याकाळ आपल्या विहिरीवर यायचा. बाबा त्याला अडवत नव्हते, फक्त तो आला की दुसरीकडे जायचे. शाळा सुटल्यावर मीही दोन घागरी नेत होते. एवढ्या मोठ्या वस्तीला ते कुठे पुरणार.

लग्न झालं. चांगलं झालं. बाबांनी भटाशिवाय लावलं आणि उत्तमरावांनी ते चालवून घेतलं. लोकांनी बाबांची वाहवा केली.

लग्नानंतर मी म्हटलं, आता जोडू या. बाबा म्हणाले, बेबी नवी आहे तिथे, थोडे दिवस जाऊ दे.

मग मृगाचं पाणी पडलं, नाल्याला गढूळ लोंढा आला, झिरा त्यात बुडाला. लोकांनी तेच पाणी भरलं. आठवडा गेला नाही तोच वस्तीत पटकी लागली. आधी दोन लेकरं गेली, मग एक म्हातारा. रुख्मिणीला सकाळी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. जकोबा आणि सहदेव तिला बाजेवर घालून दवाखान्याकडे धावत निघाले. मी शाळेच्या वाटेवर होते, तेव्हा ते मला दिसले. मी सोबत धावले. ती शुद्धीत होती. जकोबाला म्हणाली, "हळू चाल रे, हाडं मोडतीन माझे." दवाखान्याच्या फाटकाशी तिची मान पडली.

सहदेव खाली बसला. जकोबा बाज धरूनच उभा होता. आपलं टोक तो खाली ठेवेना. मी त्याचे हात सोडवले.

दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीची माणसं सुया टोचायला आली, झिऱ्यात पांढरी पूड टाकून गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सहदेव आणि जकोबा दोघेही वस्तीत नव्हते. अकोल्याला गेले, असं आता कळलं आहे. या वेळी खरंच.

वहिनींना यातलं किती सांगायचं ते तुझं तू ठरव.

शकुन


अकोला
१७ जुलै १९४९

भाऊ,

मी अकोल्याला आले आहे. शाळेतल्या आशाबाईंच्या माहेरी उतरले. सकाळी गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. पाळी सुटली तशी माणसं बाहेर पडली. त्यांत तो होता. मी त्याला ओळखलं नाही, भाऊ. अमरावतीत ज्याला गर्दीतून शोधावं लागत नव्हतं, तो कोळशाने काळ्या झालेल्या माणसांत मिसळून गेला होता. तो बॉयलरवर कोळसा ओढतो. ज्याला बॉयलर बांधता येईल तो त्यात कोळसा टाकतो आहे.

सहदेवने मला पाहिलं आणि त्याला हाताने थांबवलं. आम्ही चहाच्या टपरीमागे बाकावर बसलो. मी म्हटलं, "जकोबा, परीक्षा आहे. घरी नको येऊस, होस्टेलात राहा. मी प्रिन्सिपॉलना भेटते."

तो माझ्याशी हिंदीत बोलला. माय त्याच्याशी बोलायला शिकली, तो मायकडून बोलायला शिकला, आणि आता माझ्याशी बाजारातल्या परक्यासारखा हिंदीत बोलला. ती हिंदी आता मोडकी राहिलेली नव्हती, त्यामुळे जास्त लागली.

"शकुनजी, पानी था," तो म्हणाला. "मैं समझकर आया था कि पानी नहीं है, इसलिए लोग ऐसे हैं. नल लगा दो, लोग बदल जाएँगे. पर पानी तो था. बहुत था."

"बाबांची चूक झाली. ते स्वतःला—"

"बाबा बुरे आदमी होते तो मैं रह लेता."

तो हळूहळू, शब्द शोधत बोलत राहिला. गावी त्याला वाटायचं की टेकडीवरचा माणूस गोरा आहे म्हणून नळ खाली येत नाही. तो गेला की येईल. आता त्याला वाटतं, टेकडीवर आपलाच कोणी बसेल. चांगला असेल, गाणी म्हणेल, पेटी वाजवेल. आणि त्याच्या मुलीचं लग्न निघेल.

मी म्हटलं, "मग काय करायचं? सगळ्यांनी सोडून द्यायचं?"

"आपको क्या करना है, आप जानिए. मुझे अब मालूम नहीं."

सहदेव मला म्हणाला, "त्याले घेऊन जा, ताई. मी रोज सांगतो, आयकत नाही. बायको माझी मेली. मी तं जगून राहिलो ना. हाच मरून राहिला."

जकोबाने त्याच्याकडे पाहिलं, उठला आणि चहाचे पैसे देऊन निघाला. मी मागे गेले. हाक मारली. तो थांबला, पण वळला नाही. मी म्हटलं, "माझ्यासाठी तरी." हे मी म्हटलं, भाऊ. माझ्यासारख्या घरी बसलेल्या बाईने भर रस्त्यात म्हटलं. तुला लिहिते आहे कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

तो म्हणाला, "आप अच्छी हैं." आणि गेला.

मी आजच परत निघते आहे.

शकुन


अमरावती
३० सप्टेंबर १९४९

भाऊ,

परीक्षेला तो बसला नाही. शाळेने नाव कमी केलं, शिष्यवृत्ती गेली, आणि सरकारने परत धाडायची व्यवस्था केली. मी प्रिन्सिपॉलना दोनदा भेटले. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, मुलगा स्वतः येऊन एक शब्द बोलला तर मी वाटेल ते करीन. तो आला नाही.

परवा तो अकोल्याहून मुंबईच्या गाडीत बसला. सहदेवने पोस्टकार्ड लिहवून घेऊन कळवलं. स्टेशनवर सहदेव एकटाच होता. मला यायचं होतं, पण मला वेळ कळू द्यायची नाही असं त्यानेच सांगितलं होतं. ट्रंक आणि पुस्तकं सहदेवकडेच टाकून गेला. बोट पुढच्या आठवड्यात सुटेल. हे पत्र विमानाच्या टपालाने पाठवते आहे, म्हणजे त्याच्या आधी पोचेल.

बाबांना मी पोस्टकार्ड वाचून दाखवलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "भगवंताच्या बायकोचं नाव काय?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं, आवुओर. त्यांनी म्हणून पाहिलं, जमलं नाही. पुन्हा म्हणून पाहिलं. "तिले मायबाप आहेत?" आई आहे, म्हटलं. ते हौदाच्या कडेवर बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं. मला वाटलं, हीच वेळ आहे. पाइप तिथेच भिंतीशी रचून ठेवलेले आहेत, एकही हरवलेला नाही. मी म्हटलं, "बाबा, आज जोडू या. मी धरते."

ते म्हणाले की बेबीला दिवस गेले आहेत, परवा निरोप आला, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर तिच्या सासरची माणसं येतील-जातील. आणि उठून भेंडी तोडायला गेले.

वस्तीत नवा झिरा खणला आहे. सहदेवच्या जागी मोटेवर दुसरा माणूस लागला आहे. पाणी प्यायला तो ओट्याखाली येतो आणि माय त्याला वरून ओतते. ओतताना ती आता तोंड फिरवून घेते, एवढाच फरक. मी शाळेत जाते. घागरी नेते. त्याने काही होत नाही हे मला माहीत आहे.

तुला एवढंच मागते. मोंबासाला बोट लागेल तेव्हा तू स्वतः जा. त्याला काही विचारू नकोस, शिकवायला जाऊ नकोस, पुढचं काही ठरवायला लावू नकोस. आणि वहिनींना घेऊन जा. तिला पुढे उभी कर, तू गर्दीत मागे राहा. ती त्याला भेटेपर्यंत समोर येऊ नकोस.

तुझा चेहरा हुबेहूब बाबांचा आहे.

शकुन